‘इथे पाहा’ म्हणजे नेमके कुठे?

पत्राचा गोषवारा : गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आले आहे. लेखिका २६ वर्षांच्या आहेत. दृष्टिपटलाच्या विकारामुळे शाळेच्या शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी कमी होत गेली आणि आता उजेड व अंधार एवढाच फरक त्यांना कळतो. मराठी विषय घेऊन त्या एम. ए. झाल्या आहेत; संगणक आणि मोबाइल, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या साहाय्याने सफाईने वापरतात. एका खासगी संस्थेच्या सहा महिन्यांच्या ऑनलाइन पत्रकारिता अभ्यासक्रमाला त्यांनी प्रवेश घेतला, परंतु आपल्याला दिसत नाही हे संस्थेला कळवले नाही. महिनाभरातच वर्ग हाताबाहेर जाऊ लागला. शिक्षक पडद्यावर कात्रणे दाखवून ‘इथे पाहा’ म्हणतात, टिपणे म्हणून पानांची छायाचित्रे येतात आणि स्वाध्याय जमा करताना चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखावी लागतात. सध्या बारावीत शिकणारा मामेभाऊ रोज रात्री तासभर बसून सारे वाचून दाखवतो. थोरल्या भावाचे म्हणणे असे, की हा नाद सोडून सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करावी. लेखिका विचारतात : संस्थेला सांगावे की लपवावे? अभ्यासक्रम सोडावा का? आणि मुळात न दिसणाऱ्या माणसाने बातमीदार होण्याचा हट्ट धरावा का? सोबत त्यांनी आपल्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, नळाच्या पाण्याविषयी लिहिलेली तीनशे शब्दांची बातमी जोडली आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील तीन प्रश्नांपूर्वी मी सोबतची बातमी वाचली. ती जुन्या उपसंपादकाची खोड आहे. तिच्याविषयी शेवटी लिहितो.

‘मला दिसत नाही हे सांगणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, मग ते दयेने गुण देतील,’ असे तुम्ही लिहिले आहे. ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण दयेने गुण देणारे शिक्षक मी पाहिले आहेत. परंतु आज तुमच्या नावावर जे गुण पडत आहेत, ते कशाचे आहेत याचा थोडा विचार करा. मामेभाऊ ज्या दिवशी मोकळा असतो त्या दिवशी तुमचा स्वाध्याय वेळेत जातो, आणि त्याची चाचणी परीक्षा असते त्या आठवड्यात तो उशिरा जातो. त्याची बारावीची परीक्षा तोंडावर आली की तुमचा अभ्यासक्रम जवळजवळ थांबेल. शिक्षकांना यातले काहीच ठाऊक नाही. त्यांच्या नोंदवहीत तुम्ही वर्गात प्रश्न न विचारणारी आणि मुदत न पाळणारी विद्यार्थिनी आहात. लपवल्यामुळे गैरसमज टळला असे तुम्हाला वाटते, पण प्रत्यक्षात एक गैरसमज टाळून तुम्ही दुसरा विकत घेतला आहे, आणि हा दुसरा पत्रकारितेत अधिक महाग पडतो. डेस्कवर मुदत चुकवणाऱ्या वार्ताहराला दुसऱ्यांदा कोणी फोन करत नाही.

शिक्षकांची बाजू मी स्वतःवरून सांगू शकतो. टाळेबंदीच्या काळात मीही काही महिने बातमीलेखनाचे ऑनलाइन वर्ग घेतले. पडद्यावर कात्रण लावायचे, ‘हा मथळा पाहा, इथे काय चुकले?’ असे विचारायचे आणि उत्तराची वाट पाहायची, अशी माझी पद्धत होती. एक विद्यार्थी नेहमी गप्प असे. शेवटच्या दिवशी त्याने सांगितले की त्याची दृष्टी अत्यंत मंद आहे आणि बारा वर्गांतले एकही कात्रण त्याला वाचता आलेले नाही. मला राग त्याचा आला नाही, स्वतःचा आला. मथळा मोठ्याने वाचायला मला चार सेकंद लागली असती. ती चार सेकंद मी दिली नाहीत, कारण ती द्यायला हवीत हे मला सुचले नाही आणि कोणी सुचवले नाही. तुमचे शिक्षकही बहुधा दुष्ट नसून बेसावध आहेत. बेसावध माणसाला सावध करता येते, आणि तेही लवकर केले तर.

तेव्हा सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण काय सांगावे याची निवड तुमच्या हाती ठेवा. दृष्टी कशी गेली, किती वर्षांची असताना गेली, घरच्यांनी काय सोसले, हे संस्थेला ठाऊक असण्याचे काही कारण नाही. तिथे करुणेला जागा मिळते आणि काम राहून जाते. अडते कुठे आणि ते कसे सुटेल, एवढेच लिहा. मी तुमच्या जागी असतो तर साधारण असा ईमेल पाठवला असता :

‘महोदय, मी आपल्या अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी असून स्क्रीन रीडर वापरते, म्हणजे पडद्यावरील मजकूर मला आवाजात ऐकू येतो. गेल्या महिन्यात माझे काम तीन ठिकाणी अडले. टिपणांच्या पीडीएफ फाइलमध्ये अक्षरांऐवजी पानांची छायाचित्रे आहेत; त्यांची मूळ वर्ड फाइल युनिकोडमध्ये मिळावी. वर्गात दाखवायची कात्रणे आदल्या दिवशी मजकुराच्या रूपात मिळावीत, आणि ते शक्य नसेल तेव्हा शिक्षकांनी ती वाचून दाखवावीत. स्वाध्याय जमा करतानाची चित्रातील अक्षरांची चाचणी मला पार करता येत नाही, म्हणून माझे स्वाध्याय ईमेलने स्वीकारावेत. मुदत आणि गुणांकन इतर विद्यार्थ्यांसारखेच असावे. या कामासाठी संपर्क कोणाशी ठेवावा, हे आठ दिवसांत कळवल्यास आभारी होईन.’

शेवटून दुसरे वाक्य तुमच्या दयेच्या भीतीवरचा उतारा म्हणून मुद्दाम घातले आहे. मात्र एखाद्या परीक्षेत खरोखरच जादा वेळ लागणार असेल तर तो मागायला संकोच करू नका. पडदा ऐकून वाचायला अधिक वेळ लागतो ही वस्तुस्थिती आहे, आणि तेवढा वेळ घेऊन लिहिलेले उत्तर कोणाच्या मेहेरबानीचे होत नाही.

कायद्याचे बळ तुमच्या पाठीशी आहे, पण पहिल्याच पत्रात कलमे उगारू नयेत. ते मनाशी ठाऊक असावे म्हणून लिहितो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली आणि वाजवी सोय नाकारणे हे भेदभावाच्या व्याख्येतच घातले. अवाजवी बोजा न पडता, एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावा म्हणून केलेला आवश्यक बदल म्हणजे वाजवी सोय. पीडीएफऐवजी वर्ड फाइल पाठवणे हा बोजा आहे असे म्हणायला फारच निगरगट्टपणा लागेल. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. ज्या वाचकांकडे ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नाही त्यांनी फेब्रुवारी २०२१ मधील विकास कुमार खटल्याचा निकाल लक्षात ठेवावा. हात आखडण्याच्या विकारामुळे लिहू न शकणाऱ्या त्या उमेदवाराला टक्केवारीच्या अटीत बसत नसतानाही लेखनिक घेण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. सरकारी अनुदान वा मान्यता असलेल्या संस्थांवर हे बंधन अधिक थेट आहे, खासगी संस्थेच्या बाबतीत रस्ता थोडा लांबचा पडतो. तरीही गरज पडल्यास पणजीत राज्य दिव्यांगजन आयुक्तांचे कार्यालय आहे आणि तिथे दाद मागता येते.

आठ दिवसांत उत्तर आले नाही तर एक स्मरणपत्र पाठवा आणि आणखी आठ दिवस थांबा. त्यानंतर मात्र भिजत घोंगडे ठेवू नका. उरलेले शुल्क परत मागा, नाही मिळाले तरी बाहेर पडा. सोळा दिवसांत एक वर्ड फाइल पाठवू न शकणारी संस्था तुम्हाला मुदतीत बातमी द्यायला काय शिकवणार?

आता फाइलींच्या भानगडीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मराठीत ही अडचण इंग्रजीपेक्षा वेगळी आहे आणि तुमच्या संस्थेला बहुधा तिचा पत्ता नसेल. युनिकोड ही प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी पद्धत रुळण्यापूर्वी आपल्या वृत्तपत्रांचा आणि छापखान्यांचा सारा मजकूर ज्या फाँटांत घडवला जाई, त्यांत संगणकाच्या लेखी अक्षरे इंग्रजीच असत आणि त्यांच्यावर देवनागरीचे केवळ आकार चढवलेले असत. डोळ्यांना ‘पंचायत’ दिसते, पण स्क्रीन रीडरला त्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला सापडतो आणि तो इमानाने तोच वाचतो. अनेक छापखान्यांत आणि काही कचेऱ्यांत हे फाँट अजून सुखेनैव नांदत आहेत. म्हणून पीडीएफमध्ये छायाचित्र नसून मजकूर आहे असे कोणी सांगितले तरी तो युनिकोडमध्ये आहे का, हे वेगळे विचारावे लागते. तपासण्याची सोपी रीत अशी : त्यातली एक ओळ उचलून मोबाइलवर स्वतःला संदेश म्हणून पाठवावी. तिथे देवनागरी वाचली गेली तर फाइल चालेल. छायाचित्रातून मजकूर काढणारी मोबाइल अ‍ॅपे स्वच्छ छापील मराठी बऱ्यापैकी वाचतात, पण वृत्तपत्राचे पान दिले की शेजारशेजारच्या स्तंभांची खिचडी करतात. ती निकडीला ठीक आहेत. रोजच्या अभ्यासाचा भार त्यांच्यावर टाकू नये.

तुम्ही एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरता, हे उत्तम आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन संगणकतज्ज्ञांनी २००६ मध्ये सुरू केलेले हे काम आजही विनामूल्य मिळते आणि ते मराठी वाचते. मात्र कानाने वाचणाऱ्या लेखकाला एक धोका असतो. ‘कि’ आणि ‘की’, ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक वेगाने ऐकताना निसटतो. संपूर्ण बातमी अक्षराअक्षराने तपासणे शक्य नसते; परंतु मथळा, माणसांची आणि गावांची नावे व आकडे यांवरून बाणाच्या कळीने एकेक अक्षर ऐकत जाण्याची शिस्त लावून घ्या. टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट शिकला नसाल तर शिका. त्यात स्वर एका हाताला आणि व्यंजने दुसऱ्या हाताला असल्याने बोटांना जागा लवकर पाठ होतात आणि पर्यायांच्या यादीतून शब्द निवडावा लागत नाही.

वर्गाविषयी दोन गोष्टी. झूमवर शिक्षक पडदा दाखवतात तेव्हा तुमच्यापर्यंत त्याचे चित्र येते, मजकूर येत नाही. म्हणून तुमचा स्क्रीन रीडर तिथे मुका होतो, त्यात तुमचा काही दोष नाही. दुसरे असे, की वर्गमित्रांचे चॅटमधले ‘नमस्कार’ आणि ‘आवाज येतोय’ स्क्रीन रीडर शिक्षकांच्या बोलण्यावर चढून वाचत बसतो. झूमच्या सुलभतेच्या सेटिंगमध्ये स्क्रीन रीडरला दिल्या जाणाऱ्या सूचना बंद करण्याची सोय आहे, ती वापरा. विंडोजवर ऑल्ट आणि वाय या कळांनी हात वर करता येतो, ऑल्ट आणि ए यांनी ध्वनी चालू-बंद होतो. शिक्षकांनी ‘इथे पाहा’ म्हटले की हात वर करा आणि विचारा, ‘सर, इथे म्हणजे कुठे, कृपया वाचाल का?’ पहिल्या दिवशी तुमचा आवाज कापेल. पण सत्तरीत नेटवर्क गेल्यामुळे काळा पडदा पाहत बसलेले आणि फोनवर वर्ग ऐकणारे तुमचे वर्गमित्रही त्या प्रश्नाने सुटतील.

तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. न दिसणाऱ्याने बातमीदारी करावी का, असे तुम्ही विचारता, तेव्हा बातमी म्हणजे बातमीदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली घटना असे तुम्ही गृहीत धरता. तीस वर्षे या धंद्यात काढूनही मी स्वतः घडताना पाहिलेल्या घटनांच्या बातम्या बोटांवर मोजता येतील. अपघात होतो तेव्हा आपण घरी असतो, आग लागते तेव्हा झोपेत असतो आणि निविदा ज्या खोलीत ठरते तिथे आपल्याला कोणी बोलावत नाही. बातमीदार पोहोचतो तो नंतर. योग्य माणूस शोधणे, त्याला योग्य प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर दुसऱ्याकडून पडताळणे, हे त्याचे काम. १३ जुलै २०२४ रोजी अमेरिकेतील बटलर येथे डोनाल्ड ट्रम्प यांच्या सभेत गोळीबार झाला. छपरावर बंदूक घेतलेला माणूस आपण पाहिला आणि पोलिसांना दाखवला, असे सांगणाऱ्या प्रत्यक्षदर्शीची जगभर गाजलेली मुलाखत बीबीसीच्या गॅरी ओडोनोह्यू यांनी घेतली. ते लहानपणापासून दृष्टिहीन आहेत. छप्पर त्यांनी पाहिले नव्हते, आणि तिथे जमलेल्या इतर बहुतेक पत्रकारांनीही पाहिले नव्हते. फरक पडला तो योग्य माणसाला बोलते करण्याने.

यातून मामेभावाच्या कामाची सीमाही ठरते. त्याने वाट दाखवावी, फलकावरचा मजकूर वाचावा, टाकीला तडा कुठे आहे ते सांगावे, छायाचित्र काढावे. छायाचित्राखाली त्याचेच नाव जावे. परंतु कोणाला काय विचारायचे, काय वगळायचे आणि पहिले वाक्य कोणते, हे त्याने ठरवू नये. आणि त्याने सांगितलेले दृश्य हीसुद्धा एका साक्षीदाराची साक्ष आहे, हे विसरू नका. ‘टाकीत पाणी नव्हते’ असे तो म्हणाला तर टाकीवर हात आपटून आवाज ऐका, शेजारणीला विचारा, पंपावरच्या माणसाला विचारा. कागदपत्रांच्या बाबतीत तर कायद्यानेच हात दिला आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(४) नुसार दिसत किंवा ऐकू येत नसलेल्या अर्जदाराला माहितीपर्यंत पोहोचण्यासाठी, अगदी दस्तऐवजांच्या पाहणीसाठीसुद्धा, योग्य ती मदत करणे जनमाहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. बांधकाम किंवा पाणीपुरवठा खात्यात गेलात तर हे कलम क्रमांकासकट सांगा. बऱ्याच अधिकाऱ्यांना ते नवीन वाटेल.

आणखी एक गृहीत तुमच्या पत्रात दडले आहे, ते म्हणजे शिक्षण घरून झाले की कामही घरून होईल. ऑनलाइन अभ्यासक्रमाने वाळपईहून पणजीपर्यंतचा बसचा प्रवास वाचवला, हा त्याचा मोठा गुण आहे. पण वृत्तपत्राच्या कचेरीतला चहा, तिथली कुजबूज, ज्येष्ठाने तुमची कॉपी मोठ्याने वाचून त्यातले विशेषण उडवणे, हेही त्याने वाचवले, आणि ते वाचायला नको होते. याची भरपाई तुम्हाला स्वतः करावी लागेल. तुमच्या गावची पुढची ग्रामसभा गाठा. गोव्यात ग्रामसभा बहुधा रविवारी होतात, तेव्हा सोबतीला माणूस मिळणेही सोपे जाते. आधी सचिवांना फोन करून विषयपत्रिका मागून घ्या. सभेत बसण्याची जागा मुद्दाम मध्यावर निवडा, ध्वनिमुद्रण सुरू करा, आणि बोलणाऱ्याचे नाव कळले नाही तर शेजारच्याला विचारा. ग्रामसभा हा मुख्यतः कानांनी टिपण्याचा प्रसंग आहे. कोणाचा आवाज कोणत्या मुद्द्यावर चढला आणि सरपंच कोणत्या प्रश्नावर गप्प बसले, हे मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्या वार्ताहरापेक्षा तुम्हाला अधिक नेमके कळेल. ध्वनीचे संकलन जमू लागले तर आणखी एक दार उघडते. ऑडॅसिटी हे विनामूल्य साधन कळफलकावरून आणि स्क्रीन रीडरने चालवता येते, आणि पणजीच्या आकाशवाणीवर कोकणीबरोबर मराठी कार्यक्रमही होतात. तिथे नैमित्तिक कामाची विचारणा करून ठेवायला काही पैसे पडत नाहीत.

तुमच्या थोरल्या भावाविषयी तुम्ही जरा तिखट लिहिले आहे. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. तालुक्याच्या वार्ताहराला मिळणाऱ्या मानधनात घर चालत नाही. माझ्या ओळखीचे बहुतेक वार्ताहर शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, नाहीतर काजूच्या हंगामावर डोळा ठेवून असलेले बागायतदार आहेत. त्यामुळे ‘परीक्षा की पत्रकारिता’ हा वाद दोघांनीही विनाकारण ओढवून घेतला आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के आरक्षण आहे आणि त्यातला १ टक्का दृष्टिहीन व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे. तो सोडून देण्यात कसलीही बहादुरी नाही. सकाळचे दोन तास परीक्षेला द्या, संध्याकाळचे वर्गाला. मात्र सरकारी सेवेत रुजू झाल्यावर वृत्तपत्रांत लिहिण्यावर नियमांची बंधने येतात, हे दोघांनी आजच समजून घ्यावे. भावाला एकदा ग्रामसभेला सोबत न्या. ते तिथे काय पाहतात ते पाहू द्या.

ज्यांची अडचण तुमच्यापेक्षा वेगळी आहे अशा वाचकांसाठी चार ओळी. ऐकू न येणाऱ्यांनी स्वयंचलित कॅप्शनवर विसंबू नये. मराठीत मध्येच कोकणी आणि इंग्रजी शब्द आले, आणि गोव्यात ते येतातच, की ती कॅप्शने काहीबाही लिहू लागतात. वर्गाची लिखित प्रत किंवा भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी मागावा, आणि मुलाखती लेखी गप्पांतून घेण्याची परवानगी आधीच घेऊन ठेवावी. हातांच्या हालचाली मर्यादित असणाऱ्यांना मराठी बोलून टंकलेखन आता पुष्कळ साधते, पण विरामचिन्हांसाठी जादा वेळ धरावा. अक्षरांची गल्लत होणाऱ्यांना आणि सलग बसणे जमत नसलेल्यांना ध्वनिमुद्रित वर्गासारखी सोय नाही. तो किती दिवस उपलब्ध राहतो, हे प्रवेशापूर्वी विचारावे. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांनी प्रशिक्षणानंतरच्या प्रत्यक्ष कामाची कचेरी कितव्या मजल्यावर आहे ते विचारावे. आणि सर्वांनीच शुल्क भरण्यापूर्वी एक नमुना पाठ मागून घ्यावा आणि तो नाव नोंदवण्यापासून स्वाध्याय जमा करण्यापर्यंत स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय, करून पाहावा. माहितीपत्रकात ‘सर्वांसाठी खुला’ असे लिहिलेले असते. ते दार तुमच्या कळफलकाने उघडते का, हे त्या अर्ध्या तासात कळते.

हा अभ्यासक्रम सोडावा लागला तर हात रिकामे राहणार नाहीत. केंद्र सरकारच्या स्वयम् मंचावर माध्यमविषयक अभ्यासक्रम येत असतात. इंग्रजी वाचता येत असेल तर अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाचे नाइट सेंटर २०१२ पासून पत्रकारांसाठी खुले ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते आणि संपलेल्या अनेक अभ्यासक्रमांचे साहित्य विनामूल्य खुले ठेवते. मराठीतला सराव मात्र तुम्हाला मराठी डेस्ककडूनच मिळेल, त्याला दुसरा उपाय नाही.

एक सावधगिरीची सूचना. तुमचे नाव छापून येऊ लागले की संपादकांना पर्पल फेस्टच्या, म्हणजे गोव्यातील दिव्यांगांच्या महोत्सवाच्या, दिवसांत तुमची हमखास आठवण होईल, आणि नळाचे पाणी, खाणींचे ट्रक, देवस्थानचे वाद दुसऱ्याकडे जातील. दिव्यांगांच्या बातम्या जरूर लिहा, कारण त्या आपल्याकडे ‘जिद्दीची कहाणी’ या एकाच साच्यातून निघतात. पण तेवढ्यावर अडकू नका. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक २००८ पासून निघते, ते काढणारे स्वागत थोरात दृष्टी असलेले आहेत. तेव्हा डोळस माणसाने न दिसणाऱ्यांसाठी पत्र काढावे, आणि न दिसणाऱ्या बातमीदाराने साऱ्या तालुक्यासाठी पाण्याची बातमी द्यावी, यात अडचण कसली?

आता तुमची बातमी. भाषा स्वच्छ आहे, शुद्धलेखनाच्या तीनच चुका आहेत आणि तिन्ही वेलांटीच्या आहेत. पहिल्या दोन परिच्छेदांत तुम्ही पाण्याचे महत्त्व सांगितले आहे. ते काढून टाका, वाचकाला तहान ठाऊक आहे. वाड्यावरचा नळ अकरा दिवस कोरडा आहे, हे तुम्ही चौथ्या परिच्छेदात, तेही वाक्याच्या शेवटी सांगितले आहे. तो तुमचा इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात. पंचसदस्याचे म्हणणे आहे, पण पाणीपुरवठा खात्याच्या अभियंत्याचे नाही. फोन करा, आणि त्यांनी उचलला नाही तर किती वेळा आणि कोणत्या दिवशी केला ते लिहा. ‘ग्रामस्थांत तीव्र संताप’ हे शब्द काढून त्या जागी हंडा घेऊन विहिरीवर जाणाऱ्या एका बाईचे वाक्य घाला. ते तुमच्याकडे नक्की असणार, कारण तुम्ही त्याच वाड्यावर राहता. बातमी दोनशे शब्दांत बसवा आणि रविवारपर्यंत मला पाठवा. तुमची पीडीएफ मला उघडायला त्रास झाला, तेव्हा या वेळी वर्ड फाइल पाठवावी, ही विनंती.